बाळाला कुठली हवा मानवते?

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करीत भिलाईला पोहोचते, तोवर डब्यातली मराठी हळूहळू हिंदीत विरघळून गेलेली असते. पण मावशीच्या घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकले की ती पुन्हा भेटते. काका १९७८ साली भंडारा जिल्ह्यातून नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि भातशेतीच्या या मुलखात देशभरातली माणसे येऊन वसली. त्यांची तिसरी पिढी आता इथे जन्माला येते आहे.

अशाच एका येऊ घातलेल्या पाहुण्याच्या निमित्ताने मी भिलाईला गेले होते. मावशीच्या धाकट्या सुनेचे डोहाळजेवण होते. ओटी भरून झाली, शेजारणी आपापल्या घरी गेल्या आणि घरचीच माणसे मागच्या खोलीत विसावली. तेव्हा सूनबाईने हळूच विचारले, "ताई, तुम्ही आरोग्यावर लिहिता म्हणून विचारते. इथली हवा बाळाला मानवेल ना? माझी आई म्हणते, बाळंतपणाला गावी ये, तिथली हवा स्वच्छ असते."

मावशीने लगेच उत्तर दिले, "हवेचं काय घेऊन बसलीस? माझी तिन्ही मुलं याच हवेत वाढली. तू एवढंच कर, फार खाऊ नकोस. बाळ लहानखुरं असलं की सुटका सोपी होते."

कोपऱ्यात बिनसाखरेचा चहा पीत बसलेला थोरला मावसभाऊ, आमचा दादा, हसून म्हणाला, "वाढलो खरे. पण मग मला छत्तिसाव्या वर्षी मधुमेह कशाने झाला? काडीपैलवान म्हणून तर सगळे चिडवायचे मला."

यावर कुणीच काही बोलले नाही. हवा, आईचे ताट आणि काटकुळ्या माणसाचा मधुमेह, हे तीन विषय एकाच बैठकीत निघाले आणि तिघांचा एकमेकांशी संबंध आहे असे त्या खोलीत कुणाला वाटले नाही. खरे सांगायचे तर मलाही ते उत्तर तिथल्या तिथे नीट मांडता आले नाही. घरी परतल्यावर कागद घेऊन बसले, तेव्हा कुठे ते जुळत गेले.

जुन्या नोंदवह्यांचे धन

मुलाच्या प्रकृतीवर भोवतालाचा काय परिणाम होतो, हे ठरवायचे कसे? आज धूर श्वासात गेला आणि उद्या खोकला झाला, तर कारण कळते. पण आईच्या पोटात असताना कमी मिळालेल्या अन्नाचा परिणाम चाळिसाव्या वर्षी दिसणार असेल, तर तो पाहायला चाळीस वर्षे कोण थांबणार? त्यासाठी कुणीतरी आज वजन-उंची लिहून ठेवायला हवी, आणि कुणीतरी पुष्कळ वर्षांनी ती वही उघडायला हवी.

असे एकदा इंग्लंडमध्ये घडले. तिथल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या प्रमुख परिचारिकेच्या देखरेखीखाली सुईणी आणि परिचारिका घरोघर जात. बाळाचे जन्माच्या वेळचे वजन, त्याला अंगावर पाजले जाते की बाटलीने, पहिल्या वाढदिवसाचे वजन, हे सारे त्या वहीत टिपून ठेवीत. त्या बायांना पुढच्या संशोधनाची कल्पनाही नसेल. बाळे जगावीत एवढाच त्यांचा हेतू. या नोंदवह्या पुढे प्रा. डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचे पुढे काय झाले, याचा त्यांनी माग काढला आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्माच्या वेळी आणि विशेषतः पहिल्या वर्षी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात पुढे हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते.

तोवर हृदयविकार म्हटला की बोट दाखवले जाई ते तेल-तुपाकडे, विडी-सिगारेटकडे, नाहीतर आनुवंशिकतेकडे. ती कारणे आजही खरीच आहेत. पण माणसाच्या प्रकृतीचा पाया तो जन्मण्यापूर्वीच घातला जातो, ही गोष्ट त्या वह्यांनी पुढे आणली.

पुण्याजवळची सहा गावे

आपल्याकडे याची तपासणी झाली ती पुण्याच्या परिसरात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडे पडले होते. त्यांच्याकडे येणारे मधुमेहाचे रुग्ण पुस्तकात लिहिल्यासारखे लठ्ठ आणि वयस्क नसत. पुष्कळजण तरुण आणि अंगाने बेताचेच असत. बार्कर आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या साहाय्याने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. तो जुन्या वह्यांवर विसंबणारा नव्हता. इथे वही पहिल्या पानापासून लिहायची होती.

गावातल्या विवाहित स्त्रियांची गरोदर राहण्यापूर्वीच वजने-उंची घेतली गेली. त्यांतल्या ज्यांना दिवस गेले, त्यांच्या आहाराची, कामाची आणि रक्ताची तपासणी झाली. अशा रीतीने सातशेहून अधिक बाळे या वहीत दाखल झाली.

या माता होत्या कशा? सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आणि गरोदरपणापूर्वीचे वजन ४२ किलोच्या आसपास. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांच्या पोटात दिवसाला सुमारे १,८०० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिने जात होती. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली, तर साउदॅम्प्टनची बाळे सरासरी ३.५ किलोची.

इथवर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. लहान आईचे बाळ लहान. आश्चर्य पुढेच आहे. बाळांच्या अंगाची बारकाईने मापे घेतली, तेव्हा असे दिसले की पुण्याच्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव इंग्रज बाळापेक्षा पुष्कळच लहान होते, पण कातडीखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबी राखून ठेवलेले बाळ. 'बारीक पण चरबीयुक्त' असेच वर्णन डॉ. याज्ञिकांनी भारतीय बाळाचे केले.

आपल्याकडे म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. बाळ पोटात असतानाच हे शहाणपण शिकते. आईकडून येणारे अन्न अपुरे असले की ते आधी मेंदू सांभाळते आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्यावर काटकसर करते. टंचाईच्या जगात जन्मणार असेल, तर ही काटकसर शहाणपणाचीच. पण पुढे आयुष्यात अंथरूण अचानक मोठे झाले, खाणे वाढले, चालणे कमी झाले, की लहान राहिलेल्या स्वादुपिंडावर भार पडतो आणि रक्तातली साखर आवरेनाशी होते.

दोन डॉक्टरांचा फोटो

डॉ. याज्ञिकांनी हा मुद्दा २००४ साली स्वतःच्याच शरीरावर दाखवला. त्यांचे एक इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन आणि ते स्वतः, या दोघांचे उंचीच्या मानाने वजन, म्हणजे शरीरभार निर्देशांक, अगदी सारखा होता, २२.३. दोघांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांची भरली ९.१ टक्के आणि पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के.

आमच्या दादाचा प्रश्न इथे येऊन थांबतो. काडीपैलवान माणसालाही मधुमेह होऊ शकतो, कारण काटा फक्त वजन सांगतो. ते वजन स्नायूंचे की चरबीचे, हे तो सांगत नाही. अर्थात एका दादावरून काही सिद्ध होत नाही. मधुमेहाला घराणे, खाणे, बैठे काम अशी अनेक कारणे असतात. म्हणूनच तर शेकडो मुलांची वही लागते.

अठरा वर्षांची वाट

त्या सहा गावांतली मुले मोठी होत गेली. सहाव्या वर्षी ती पुन्हा तपासली गेली, बाराव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी पुन्हा. सहाव्या वर्षीच्या तपासणीचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांनी एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. गरोदरपणी जवळजवळ दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली.

अठराव्या वर्षीच्या तपासणीत तर विचार करायला लावणारे चित्र पुढे आले. यांतली जवळजवळ निम्मी मुले-मुली वजनाने कमीच होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे रक्तातली साखर नेहमीपेक्षा वाढलेल्या अवस्थेत होत्या. शिवाय ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली होती, त्यांच्यात सहाव्या वर्षीही ती जरा वरच्या बाजूलाच होती. रोग एका रात्रीत येत नाही. तो पावले वाजवीत येतो, ऐकणारा हवा.

वाचकहो, अशा कामात सर्वांत कठीण काय असते? यंत्रे आणि पैसा लागतो हे खरे, पण त्याहून कठीण असते ती चिकाटी. अमेरिकेने २००० साली कायदा करून एक लाख मुलांचा जन्मापूर्वीपासून एकविसाव्या वर्षापर्यंत अभ्यास करायचे ठरवले होते. एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला, सुमारे ५,००० मुलांची नोंद झाली आणि डिसेंबर २०१४ मध्ये योजना गुंडाळावी लागली. इकडे पुणे जिल्ह्यातली शेतकरी कुटुंबे मात्र कामाचा दिवस मोडून, मुलांना उपाशीपोटी रक्त द्यायला घेऊन येत राहिली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यांच्या स्वतःच्या पदरात लगेच काय पडणार होते? तरीही त्या आया आल्या. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत भारतीय बाळाविषयी जे लिहिले जाते, त्यात त्यांच्या या येण्याचा वाटा आहे.

"म्हणजे माझंच चुकलं?"

हे सारे मी दूरध्वनीवर मावशीला सांगितले. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "दादा झाला तेव्हा दोन किलो शंभर ग्रॅमचा होता. त्या वेळी सासूबाई, दीर, नणंद सगळे जवळ होते. सगळ्यांची पानं उठली की मी बसायची. भात उरायचा, वरण संपलेलं असायचं. म्हणजे माझंच चुकलं म्हणायचं का गं?"

या प्रश्नाने मला हलवून सोडले. आपण लिहिणारी माणसे आकडे देतो आणि पुढे जातो. पण आकड्यांच्या पलीकडे एखादी आई बसलेली असते आणि तिला वाटते, दोष आपल्यावर आला.

मावशीला मी त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट सांगितली. संशोधकांनी त्या स्त्रियांच्या केवळ ताटाची नव्हे, कष्टाचीही नोंद ठेवली होती. शेतातली कामे, विहिरीवरून पाणी आणणे, कपडे धुणे. ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त, त्यांची बाळे त्या मानाने लहान भरली. आणि ज्या स्त्रियांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे चांगली भरली.

आता सांगा, विहीर लांब असणे हा आईचा दोष की गावाचा? वरण संपणे हा सुनेचा दोष की पंक्तीच्या रिवाजाचा? बाळाचे पहिले घर म्हणजे आईचे पोट, आणि आई जिथे राहते, राबते, ज्या क्रमाने जेवायला बसते, ते सारे त्या घराचे अंगण. पर्यावरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धुराडी आणि मोटारी येतात. पण बाळाचे पर्यावरण स्वयंपाकघरापासून सुरू होते आणि त्याची जबाबदारी एकट्या आईची नसते.

मावशी म्हणाली, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर..." आणि वाक्य तिने तसेच सोडले.

उशीर होण्याआधी

मग करायचे काय? गरोदर स्त्रीला चांगले खायला घातले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण मुंबईच्या वस्त्यांत २००६ सालापासून झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने याचे उत्तर थोडे वेगळे दिले. 'सरस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकल्पात हजारो स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला, समोशासारखा एक खाऊ रोज देण्यात आला, तोही दिवस राहण्यापूर्वीपासून. सर्वांचा मिळून विचार केला, तर बाळांच्या वजनात पडलेला फरक किरकोळच होता. पण ज्यांनी तो खाऊ दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू केला होता, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. आई मुळात खूपच कृश असली, तर हा लाभ फारसा दिसला नाही. आणखी एक लाभ मात्र मोठा होता. हा खाऊ खाणाऱ्या स्त्रियांमध्ये गरोदरपणात होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आले.

४८ ग्रॅम म्हणजे फार नव्हेत, हे मान्य. पण यातून कळणारी गोष्ट मोलाची आहे. सातव्या महिन्यात डोहाळे पुरवून वर्षानुवर्षांची उणीव भरून निघत नाही. तयारी आधीपासून हवी. म्हणूनच पुण्याच्या संशोधकांनी २०१२ साली पुढचे पाऊल टाकले. १९९३ च्या वहीतली बाळे तोवर वयात आली होती. त्या मुला-मुलींनाच ब-१२ जीवनसत्त्व, अगदी थोड्या मात्रेत, म्हणजे रोज २ मायक्रोग्रॅम, लग्नापूर्वीपासून देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या मुली पुढे आया झाल्या आणि त्यांची बाळेही याच वहीत आली. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या एका वहीत! आपल्या देशात असे दुसरे धन फार थोडे असेल.

आणि हवेचे काय?

सूनबाईचा मूळ प्रश्न मी विसरलेले नाही. हवा महत्त्वाची आहेच. २०१९ साली केंद्र सरकारने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत छत्तीसगडमधून रायपूर आणि कोरबाबरोबर भिलाईचेही नाव होते. तेव्हा तिची काळजी पोकळ नाही.

हवा आणि मुले यांची अशीच एक लांबलचक वही अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात लिहिली गेली. कमी-अधिक प्रदूषणाच्या बारा गावांतली शाळकरी मुले १९९३ पासून वर्षानुवर्षे एका नळीत जोराने फुंकर मारीत राहिली आणि त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजली गेली. २००४ साली निष्कर्ष आला. सर्वांत प्रदूषित गावात अठराव्या वर्षी फुप्फुसे कमजोर राहिलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ टक्के होते, तर सर्वांत स्वच्छ गावात १.६ टक्के. जवळजवळ पाचपट फरक.

पण या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. त्या भागात पुढे मोटारी आणि कारखान्यांवर कडक नियम आले, हवा सुधारली आणि त्याच गावांत नंतर जन्मलेल्या मुलांची फुप्फुसे पुन्हा मोजली गेली. २०१५ सालच्या अहवालानुसार पंधराव्या वर्षी फुप्फुसे कमजोर असलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ वरून ३.६ टक्क्यांवर उतरले होते. म्हणजे हवा हे काही नशीब नव्हे. ती बिघडते तशी सुधारतेही, आणि सुधारली की मुलांच्या छातीला ते कळते. तेव्हा गाव सोडण्यापेक्षा गावाची हवा सुधारावी म्हणून आग्रह धरणे, हे उत्तर अधिक खरे. सूनबाईच्या माहेरची हवा स्वच्छ असेलही, पण तिथे चूल धुपत असेल, तर बाळंतिणीच्या खोलीतली हवा रस्त्यावरच्या हवेपेक्षाही वाईट असू शकते. हवा गावाच्या नावावरून ठरत नाही, आपण श्वास घेतो त्या जागेवरून ठरते.

आपल्या हाती काय?

संशोधन संशोधक करतील, नियम सरकार करील. पण काही गोष्टी आजच्या आज घरात करता येतात.

पहिली गोष्ट, मुलीच्या ताटाकडे तिच्या लग्नानंतर नव्हे, दहाव्या-बाराव्या वर्षापासून पाहा. छत्तीसगडला भाज्यांचे मोठे वरदान आहे. लाल भाजी, चेच भाजी, मुनगा म्हणजे आपला शेवगा, हे सारे बाजारात मिळते. त्याला वरण-डाळ, शेंगदाणे आणि ऋतूतले फळ जोडावे.

दुसरी गोष्ट ब-१२ ची. हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. शाकाहारी घरात रोज वाटीभर दही किंवा पेलाभर दूध मुलीच्या वाट्याला येते का, हे पाहायला हवे. कारण ते बहुधा आधी मुलाच्या आणि कमावत्या पुरुषाच्या पेल्यात जाते. कमतरता आहे असे वाटले, तर रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे. गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र कुणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. त्या रक्तक्षयापासून आणि बाळाच्या काही जन्मदोषांपासून वाचवतात.

तिसरी गोष्ट, 'कमी खा म्हणजे बाळ लहान राहील' हा सल्ला घरातून कायमचा काढून टाका. बाळंतपण सुरक्षित होते ते वेळेवर तपासणी आणि चांगल्या दवाखान्यामुळे. आईला उपाशी ठेवून बाळाचे भलते नुकसान मात्र होते.

चौथी गोष्ट, गरोदर स्त्रीच्या डोक्यावरची घागर आणि हातातली धुण्याची बादली दुसऱ्या कुणीतरी उचलावी. घरात विडी-सिगारेट नको, शेजारी कचरा जाळणे नको.

आणि शेवटची गोष्ट अगदी साधी. आपल्याकडे गरोदर स्त्रीला आणि बाळाला आरोग्यकेंद्रातून कार्ड मिळते. भिलाईकडे त्याला 'जच्चा-बच्चा कार्ड' म्हणतात. लसी संपल्या की ते बहुतेक घरांत रद्दीत जाते. तसे करू नका. जन्माचे वजन, वाढीच्या नोंदी, आईचे रक्त, हे सारे जपून ठेवा. हर्टफर्डशायरच्या परिचारिकांनी ठेवलेली वही ऐंशी वर्षांनी उपयोगी पडली. आपल्या घरचे कार्ड वीस वर्षांनी आपल्याच मुलाच्या डॉक्टरला उपयोगी पडेल. जन्माच्या वेळी वजन कमी होते असे कळले, तर तो बारीक माणसाचीही साखर लवकर तपासून पाहील.

दोन महिन्यांनी मावशीचा फोन आला. नात झाली होती, दोन किलो आठशे ग्रॅम. मग ती म्हणाली, "तुझं बोलणं ऐकून मी जुनी पेटी उपसली. दादाचं कार्ड सापडलं बघ, पिवळं पडलंय, पण अक्षर वाचता येतं. सूनबाईला दिलंय, नातीच्या कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवायला."

मी विचारले, "आणि पंगत?"

"आता सूनबाईचं पान आधी मांडते," मावशी म्हणाली. "दादाचे बाबा कुरकुरले दोन दिवस. मग त्यांनीच तिला वरण वाढलं."